तंजावूर : दूरदेशीचे एक मराठी नगर

बेंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम हे उपनगर आहे. तेथून जुना मद्रास रस्ता होसकोटे व कोलारकडे जातो. 1638 नंतर विजापूर दरबाराकडून शहाजीराजांना मिळालेल्या जहागिरीत बेंगळूरबरोबर हा मुलूखही होता. त्यांचे पुत्र व्यंकोजी दक्षिणेस उतरले आणि 1675-76 च्या सुमारास त्यांनी तंजावूर हस्तगत केले. के. आर. पुरममध्ये राहून मराठीत भाषांतरे करणाऱ्या माझ्यासारख्यास त्या वाटेने एकदा जावे असे वाटल्यास नवल नाही. सोबतीला शेजारचा एक तमिळभाषक मित्र होता.

तंजावूर हे पायी पाहण्याचे गाव आहे. बृहदीश्वराचे मंदिर आणि भोसल्यांचा राजवाडा यांतील अंतर रमतगमत सहज चालून जाता येते. राजराज चोळाने बांधविलेले हे मंदिर 1010 मध्ये पूर्ण झाले. त्याचे विमान सुमारे 60 मीटर उंच असून भिंतींवर दाने, दागिने, नर्तकी, सेवक यांच्या नोंदी तमिळमध्ये कोरलेल्या आहेत. त्या प्राचीन लिपीतील एखाददुसरेच अक्षर मित्राला ओळखू येत होते. मात्र त्याच आवारात एका भिंतीपाशी आल्यावर वाचनाची पाळी माझ्यावर आली. तेथे देवनागरी अक्षरांत मराठी मजकूर होता! दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने 1803 मध्ये कोरविलेला हा भोसले वंशाचा इतिहास. मी वाचीत होतो आणि मित्र त्याचा अर्थ विचारीत होता.

हा इतिहास दगडावर का कोरविला असावा? सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, मानमरातब व तनखा तेवढा उरला. सत्ता हातची गेल्यावर आपल्या घराण्याची आठवण तरी टिकावी, असा हेतू त्यामागे असावा, असे मला वाटते.

उरलेले सामर्थ्य या राजाने विद्येकडे वळविले. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते आहेत. मोडीतील दप्तरही आहे. शहाजीराजे (1684–1712) यांच्या काळातील मराठी नाटके याच संग्रहामुळे टिकली. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटक केले, त्याच्या दीडशे वर्षे आधीची ही रचना होय. सरफोजींनी देवनागरी छापखानाही चालविला. तेथे 1806 मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली. मराठीतील आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक, आणि ते इसापाच्या कथांचे भाषांतर आहे. भाषांतराला दुय्यम मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

1855 मध्ये अखेरचे राजे शिवाजी वारले. पुत्र नसल्याने कंपनीने उरलेले संस्थानही खालसा केले. तरी तंजावरी मराठी काही घरांतून बोलली जात राहिली. तमिळच्या सहवासाने तिचे वळण बदलले. लिहिण्यासाठी ही माणसे बहुधा तमिळकडेच वळली.

परतताना मित्र म्हणाला, “राज्य गेले, पण तुमची भाषा आमच्या देवळात राहिली.” ते खरेच. परंतु दगडावरची अक्षरे वाचणाऱ्यावाचून मुकीच असतात. ग्रंथालयातील पोथ्यांचे आणि मोडी कागदांचेही तसेच आहे. ते वाचणारे तयार होणे, हे काम आता आपल्याकडे आले आहे.