सोन्यावर पोसलेला सर्प

पूर्व आइसलँडमधलं एगिल्सस्टाडिर गाव सोडलं आणि लागारफ्लोत सरोवर आमच्या मोटारीची सोबत करू लागलं. पाणी निळं नाही, गढूळ. हिमनदीनं दगड दळून केलेल्या पिठाचा हा रंग! खोली ११२ मीटर. तळ समुद्रसपाटीच्याही खाली.

अशा पाण्यात काहीतरी राहतं असं कोणाला वाटणार नाही? इथली कथाही तशीच. आईनं दिलेलं सोनं वाढावं म्हणून एका मुलीनं ते पेटीत किड्याखाली ठेवलं. काही दिवसांनी पाहते तो किड्यानं पेटी फुटायला आलेली! घाबरून तिनं सोन्यासकट पेटी पाण्यात फेकली. किड्याचा सर्प झाला. अखेर दोन फिनिश मांत्रिकांनी त्याचं डोकं आणि शेपूट तळाशी जखडून टाकलं म्हणतात.

१३४५ सालच्या नोंदीत या अजब प्राण्याचा उल्लेख आहे. २०१२ मध्ये एका शेतकऱ्यानं त्याचं चित्रीकरण केलं आणि २०१४ मध्ये पंचांनी सात विरुद्ध सहा मतांनी ते खरं ठरवलं!

काठावर उभी असताना मला मात्र वेगळीच भीती वाटली. २००७ मध्ये कारान्यूकर जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. शेजारच्या नदीचं गाळानं भरलेलं पाणी बोगद्यातून इकडे वळवलं. वीज अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला गेली. सरोवर आणखी गढूळ झालं, सूर्यप्रकाश खोल जाईना, माशांवर संक्रांत आली.

धातूच्या हव्यासापायी पाण्यात सोडलेलं संकट! लोककथेत ते जखडायला मांत्रिक तरी धावून आले होते. हा गाळ कोण जखडणार?