डोंगराच्या पोटातील अरण्य : व्हिएतनाममधील सोन डुंग गुहा

गुहा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम अजिंठा, वेरूळ किंवा घारापुरी उभी राहते. गोमंतकीय वाचकास हरवळ्याची लेणी आठवतील. ही सर्व मनुष्याच्या हातांची निर्मिती होय. दख्खनचे पठार ज्या काळ्या अग्निजन्य खडकाचे बनलेले आहे, तो पावसाच्या पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे विस्तीर्ण नैसर्गिक गुहा येथे फारशा निर्माण झाल्या नाहीत, आणि निवाऱ्यासाठी व उपासनेसाठी ज्या हव्या होत्या त्या छिन्नी-हातोड्याने कोरून काढाव्या लागल्या. चुनखडकाच्या प्रदेशात मात्र हेच काम पाणी करते. त्यास घाई नसते आणि त्याचा हात कधी थांबत नाही. कारवार जिल्ह्यातील याणा येथे उभे असलेले काळे सुळके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाणी चुनखडकाचे काय करू शकते याची थोडीशी कल्पना आलेली असेल. विशाखापट्टणमजवळील बोरा गुहा आणि मेघालयातील तीस किलोमीटरांहून अधिक लांबीची क्रेम लियात प्रा ही गुहा ही आपल्या देशातील याच प्रक्रियेची अधिक मोठी उदाहरणे होत. परंतु पाण्याच्या या कारागिरीचा आज ज्ञात असलेला सर्वांत भव्य नमुना पाहावयाचा असेल तर मध्य व्हिएतनाममध्ये, लाओसच्या सीमेलगत पसरलेल्या अन्नाम पर्वतरांगेत जावे लागते. तेथील घनदाट अरण्यात सोन डुंग नावाची गुहा आहे.

या गुहेस जगातील सर्वांत मोठी गुहा म्हणतात. ‘मोठी’ या शब्दाचा नेमका अर्थ येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या एका शब्दावरून पुष्कळदा घोटाळा होतो. लांबीच्या दृष्टीने पाहिल्यास अमेरिकेच्या केंटकी राज्यातील मॅमथ गुहेचा क्रमांक पहिला लागतो. तिचे आजवर मोजलेले भुयारी मार्ग ६८० किलोमीटरांहून अधिक भरतात. एकाच दालनाचे क्षेत्रफळ विचारात घेतले तर मलेशियातील सारावाक दालन सर्वांत विस्तीर्ण ठरते. सोन डुंगचे श्रेष्ठत्व आहे ते तिच्या अखंड मार्गाच्या आकारमानात. पाच किलोमीटरांहून अधिक लांब असलेला हा मार्ग काही ठिकाणी दीडशे मीटर रुंद आणि सुमारे दोनशे मीटर उंच आहे. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. असे दोन मिनार एकावर एक उभे केले तरी गुहेचे छत त्यांच्या वर पन्नास मीटर राहील. गुहेचे एकूण घनफळ ३ कोटी ८५ लाख घनमीटर मोजण्यात आले आहे.

शोधाची कथा

एवढी प्रचंड गुहा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगास अज्ञात राहिली, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. परंतु हा प्रदेश अत्यंत दुर्गम आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात येथून जाणाऱ्या अरण्यमार्गांवर अतोनात बॉम्बवर्षाव झाला आणि परिसरातील लोकांनी अनेक गुहांचा आश्रय घेतला. तथापि युद्ध संपल्यानंतरही अरण्याच्या अंतर्भागात जाणारे लोक थोडेच होते. इमारती लाकूड, सुगंधी अगरू आणि शिकार यांच्या शोधात जीव धोक्यात घालून भटकणारे गरीब ग्रामस्थ, एवढेच काय ते तेथे जात.

अशा ग्रामस्थांपैकीच हो खान हे एक होत. १९९० च्या सुमारास अरण्यात वादळाने गाठले असता आडोसा शोधताना ते एका कड्यातील मुखापाशी येऊन पोहोचले. आतून धुके बाहेर लोटत होते, वारा जोराने वाहत होता आणि खोलवर नदीची गर्जना ऐकू येत होती. उतार इतका तीव्र होता की आत उतरण्याचे धाडस त्यांना झाले नाही. ते घरी परतले आणि पुढे त्या मुखाकडे जाण्याची वाटही त्यांच्या स्मरणातून गेली.

याच सुमारास हॉवर्ड लिम्बर्ट आणि त्यांच्या पत्नी डेब लिम्बर्ट यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश गुहासंशोधकांचे एक पथक व्हिएतनामी विद्यापीठाच्या सहकार्याने या प्रदेशात काम करू लागले होते. प्रत्येक मोहिमेत नव्या गुहा सापडत होत्या. हो खान यांनी पाहिलेल्या मुखाची हकिकत या पथकाच्या कानी आली. पण ते मुख पुन्हा सापडता सापडेना. अखेर २००८ साली हो खान यांना एकट्यानेच अरण्यात फिरत असताना ते पुन्हा गवसले, आणि २००९ साली त्यांनी पथकास तेथवर नेले. दोरांच्या साहाय्याने सुमारे ८० मीटर खाली उतरून संशोधकांनी मोजणीस आरंभ केला. गुहेच्या दुसऱ्या टोकाकडे सुमारे ९० मीटर उंचीच्या, चिखलाने निसरड्या झालेल्या कॅल्साइटच्या उभ्या भिंतीने त्यांची वाट अडविली. पुढील वर्षी, २०१० साली, ती भिंत चढून गेल्यावर पलीकडे डोंगरातून बाहेर पडण्याचा मार्ग असल्याचे दिसून आले. भिंतीस संशोधकांनी गमतीने ‘व्हिएतनामची महाभित्ती’ असे नाव दिले.

या शोधाचे श्रेय वाटताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मोजपट्टी, दोर आणि नकाशे परदेशी पथकाने आणले. पण वाट दाखविणारा मनुष्य अरण्यातीलच होता. वृत्तपत्रांतून आलेल्या अनेक वर्णनांत याचा उल्लेख एका ओळीत आटोपला गेला, हे योग्य झाले नाही.

गुहा कशी घडली?

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी बनते. हे सौम्य कार्बनिक आम्ल चुनखडकाच्या भेगांत शिरले की खडक कणाकणाने विरघळू लागतो. भेग रुंदावते, अधिक पाणी आत येते आणि कालांतराने जमिनीवरून वाहणारा प्रवाह भूगर्भात उतरतो. मग केवळ विरघळण्याचीच नव्हे, तर वाळू-गोट्यांसह घासण्याचीही क्रिया सुरू होते.

सोन डुंगच्या बाबतीत तीन अनुकूल गोष्टी एकत्र आल्या. खडकांत येथे मोठी प्रस्तरभंगाची रेषा आहे. त्या कमकुवत रेषेने राव थुओंग नदीला आत शिरण्यास वाट दिली. या प्रदेशात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे पाण्याची उणीव नाही. आणि येथील प्राचीन चुनखडकाचे थर इतके जाड व भक्कम आहेत की एवढ्या रुंद पोकळीवरचे छत बव्हंशी टिकून राहिले. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची समजावयास हवी. पोकळी पाणी कोठेही निर्माण करते; ती कोसळू न देण्याचे सामर्थ्य खडकात असावे लागते. नदीने ही गुहा कोरण्यास वीस ते पन्नास लाख वर्षांपूर्वी आरंभ केला असावा असा अंदाज आहे.

छत जेथे टिकले नाही, तेथे सर्वांत विलक्षण दृश्य निर्माण झाले आहे. दोन ठिकाणी ते कोसळून प्रचंड विलयविवरे तयार झाली आहेत. या आकाशखिडक्यांतून ऊन व पाऊस आत येतो, बिया पडतात. परिणामी डोंगराच्या पोटात खरोखरीचे अरण्य वाढले आहे. तेथील वृक्ष तीस मीटरपर्यंत उंच जातात. माकडे कड्यावरून खाली उतरून येतात. बाहेरची उष्ण व दमट हवा आतील थंड हवेत मिसळली की बाष्पाचे सांद्रीभवन होऊन विवरांच्या आसपास ढग तरंगू लागतात. म्हणूनच ‘या गुहेस स्वतःचे हवामान आहे’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. विवरांपासून दूर, काळोखात, दृश्य वेगळे आहे. तेथे छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुन्याच्या निक्षेपाने ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभे राहिले आहेत आणि त्यांपैकी काहींची उंची ७० मीटरांच्या घरात आहे. सुकलेल्या कुंडांत, वाळूच्या कणाभोवती चुन्याचे थर साचून बनलेले ‘गुहामोती’ विखुरलेले आढळतात. सर्वसाधारणपणे ते अगदी लहान असतात. येथे ते खेळण्याच्या गोट्यांहूनही मोठे झाले आहेत. अंधारातील कुंडांत व दगडांखाली रंगहीन, दृष्टिहीन असे जीव वास करतात.

एका तासात हजार माणसे

सोन डुंग ज्या फोंग न्या-के बांग राष्ट्रीय उद्यानात आहे, त्यास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००३ साली स्थान मिळाले. २०१५ साली त्याची व्याप्ती वाढविण्यात आली आणि २०२५ साली सीमेपलीकडील लाओसचे हिन नाम नो उद्यानही त्यास जोडले गेले. ज्या क्वांग बिन्ह प्रांतात हे उद्यान होते, तो प्रांत २०२५ सालीच क्वांग त्री प्रांतात विलीन झाला आहे.

हा प्रांत व्हिएतनामच्या तुलनेने गरीब भागांपैकी एक होता. शेती तुटपुंजी, वादळे व पूर नित्याचे. जगप्रसिद्ध गुहा सापडल्यावर तिच्यापासून लोकांना उत्पन्न मिळावे, ही स्थानिक प्रशासनाची अपेक्षा अगदी स्वाभाविक होती. प्रश्न होता तो मार्गाचा. २०१३ साली मर्यादित संख्येने प्रवासी नेण्यास प्रारंभ झाला. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, सुमारे साडेदहा किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गाची योजना जाहीर झाली. या रज्जुमार्गाने तासाला एक हजार पर्यटक गुहेपर्यंत नेता येतील, असे सांगण्यात आले. रोजगार वाढेल, वृद्धांना व अशक्तांनाही हे आश्चर्य पाहता येईल, हा समर्थकांचा युक्तिवाद होता. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. निसर्गाचे वैभव केवळ धडधाकट व धनवान माणसांनीच पाहावे काय, हा प्रश्न कोणत्याही लोकशासनास पडावयास हवा.

परंतु विरोधकांचा मुद्दा अधिक सबळ होता. गुहेतील हवा, आर्द्रता व अंधार यांचे संतुलन अत्यंत नाजूक असते. माणसांच्या श्वासोच्छ्वासाने व दिव्यांच्या उष्णतेने ते बिघडते. गुहामोती पायाखाली चुरडला गेला की तो पुन्हा बनण्यास शतके लागतात. शिवाय रज्जुमार्गाचे खांब उद्यानाच्या गाभ्यात उभे करावे लागणार होते. देशात व परदेशात निषेध झाला, जागतिक वारसा समितीनेही चिंता व्यक्त केली, आणि योजना प्रत्यक्षात आली नाही. २०१७ साली शेजारच्या हांग एन गुहेपर्यंत रज्जुमार्ग नेण्याचा विचार पुन्हा पुढे आला. तोही मागे पडला.

आज वर्षाला सुमारे एक हजार प्रवाशांनाच सोन डुंगमध्ये प्रवेश मिळतो. एका तुकडीत अधिकात अधिक दहा जण. चार दिवस व तीन रात्रींचा हा प्रवास पायी करावा लागतो : प्रथम अरण्यातून ब्रू जमातीच्या बान डुंग या लहानशा वस्तीपर्यंत, तेथून नदीपात्रातून हांग एन गुहेत मुक्काम, आणि मग दोरावरून सोन डुंगमध्ये. खर्च तीन हजार अमेरिकन डॉलरांच्या घरात जातो. सामान्य माणसास तो परवडणारा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. प्रवाशांच्या संख्येच्या दुपटीहून अधिक स्थानिक माणसे तुकडीबरोबर असतात : वाटाडे, सुरक्षा सहायक, आचारी, वनरक्षक आणि ओझी वाहणारे हमाल. निर्माण होणारा सर्व कचरा परत आणावा लागतो. शौचालयांत भाताचे तूस वापरून तेथील घाणही बाहेर वाहून नेली जाते. या हमालांपैकी पुष्कळ जण पूर्वी चोरून लाकूड तोडणारे किंवा शिकार करणारे होते. ज्या पायवाटांचे ज्ञान त्यांना त्या धंद्याने दिले, त्याच ज्ञानावर आता त्यांचा राजरोस रोजगार चालतो. दर तासाला हजार पर्यटक आले असते, तर या पायवाटांची व त्या जाणणाऱ्यांची गरज कितपत उरली असती, याचाही हिशेब त्या वादात व्हावयास हवा होता. तो फारसा झाला नाही.

संशोधनाचे कामही संपलेले नाही. २०१९ साली ब्रिटिश पाणबुड्यांनी गुहेतील नदीत खोलवर बुडी घेतली, तेव्हा जवळच्या हांग थुंग गुहेशी सोन डुंग पाण्याखालील बोगद्याने जोडली गेल्याचे आढळून आले. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांच्या २०१८ सालच्या सुटकेत या पाणबुड्यांनी भाग घेतला होता. हांग थुंगचे घनफळ जमेस धरल्यास सोन डुंगच्या आकारमानात सुमारे १६ लाख घनमीटरांची भर पडते.

प्रवासाचा हंगाम जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत असतो. सप्टेंबरात पावसाळी वादळे सुरू झाली की तंबू, शिड्या व दोर आवरून माणसे बाहेर पडतात. नदी फुगते, महाभित्तीच्या पायथ्याशी सरोवर साचते आणि पुढील काही महिने गुहा कोरण्याचे आपले काम पाणी पुन्हा हाती घेते. हो खान आता फोंग न्या येथे राहतात. प्रवाशांसाठी त्यांनी नदीकाठी एक लहानसे निवासगृह चालविले आहे.