ओरखड्याची साक्ष

किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, रिचमंड गावी, ‘झुलूज बॉल’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. ध्वनिमुद्रण जेनेट या लेबलसाठी होतं; ते लेबल तिथल्याच स्टार पियानो कंपनीचं. स्टुडिओला खेटून रेल्वेचा रूळ होता. गाडी आली की काम थांबवावं लागे. बँडमध्ये दुसरं कॉर्नेट वाजवत होता बावीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. त्या तबकडीची आज जगात एकच प्रत ठाऊक आहे. म्हणजे ‘झुलूज बॉल’ तुम्ही कुठल्याही सीडीवर ऐका, तिचं मूळ त्या एका प्रतीत आहे. तरीही ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या सीडींवर सापडते. त्यांतल्या किती जणांनी ती तबकडी डोळ्यांनी तरी पाहिली असेल?

मी पुण्यात नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवते. जॅझ ही माझी दुसरी आवड. एका छोट्या कंपनीने कष्टाने साफ केलेलं ध्वनिमुद्रण दुसरीने सरळ उचलायचं आणि स्वस्तात विकायचं, हा प्रकार जुन्या जॅझच्या बाजारात कित्येक वर्षं चालू आहे. मला त्याचा संताप येतो, कारण त्या कामात काय काय करावं लागतं हे माझ्या हातांना माहीत आहे.

मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाख आणि दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाची असते. लाख बहुतेक आपल्याच छोटा नागपूरकडच्या जंगलांतून जगभर जायची. तबकडी स्पिरिटने पुसून चालत नाही, लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. मग सुई निवडायची. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईने खाचेच्या भिंती एका ठरावीक खोलीवर झिजवलेल्या असतात. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावली तर ती न झिजलेल्या भागावर टेकते, आणि मघापर्यंत फाटलेला वाटणारा कॉर्नेट एकदम मोकळा वाजू लागतो. एकेका तबकडीला तीन-चार सुया लावून बघाव्या लागतात.

त्यानंतर वेग. ‘७८’ हा आकडा नावापुरता. त्या काळी कुठली तबकडी ७६ ला कापलेली, कुठली ८० ला. साधारण साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. काळी दोनमध्ये गाणाऱ्याला पांढरी तीनमध्ये गायला लावण्यासारखंच ते. वाद्यांची जडणघडण, वादकांच्या सवयीच्या पट्ट्या, त्याच दिवशीची इतर ध्वनिमुद्रणं असं सगळं ताडून वेग ठरवावा लागतो. हे काम कान आणि अभ्यास यांचं आहे, यंत्राचं नाही.

या कामातलं मोठं नाव म्हणजे इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस (१९२७–२००४). ते स्वतः वादक होते. ‘टेम्परन्स सेव्हन’ या बँडमध्ये वाजवायचे. संगणक नव्हता तेव्हा ते तबकडी टेपवर घेत, जिथे ‘खट्ट’ वाजतं ती जागा शोधत आणि टेपवरचा चुंबकीय थर तेवढ्यापुरता पात्याने खरवडून काढत. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ सेंटीमीटर धावते असं धरलं, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा खट्ट टेपवर अर्धा मिलिमीटरही जागा घेत नाही. खरवड जरा जास्त झाली तर संगीतच गेलं. आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या बँडांच्या ध्वनिमुद्रणांची त्यांनी जेएसपी या ब्रिटिश कंपनीसाठी केलेली आवृत्ती जॅझचे जाणकार आजही वाखाणतात.

अशा कामाला कायद्याचं संरक्षण जवळजवळ नाही. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता, पुढे ७० झाला. १९२० च्या दशकातलं जॅझ तिथे केव्हाच मुक्त झालं. आणि तिथला कायदा सांगतो की आधीच्या ध्वनिमुद्रणाच्या नकलेला नवा हक्क मिळत नाही. अमेरिकेत २०१८ साली एका अपील न्यायालयाने म्हटलं की नुसतं रीमास्टर केल्याने आपोआप नवा हक्क तयार होत नाही. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यानुसार १९२३ ची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२४ ला तिथेही सर्वांना खुली झाली. संगीत खुलं झालं हे उत्तमच. पण ते साफ करणाऱ्याचे महिनोन् महिने त्याच दारातून बाहेर गेले.

मात्र चोरी पकडता येते. प्रत्येक तबकडीचे ओरखडे तिचे स्वतःचे असतात. दुसऱ्या प्रतीवर तोच ओरखडा त्याच जागी असणं अशक्य. मी आर्मस्ट्राँगच्या १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या दोन सीडी घेतल्या, एक नामांकित आणि एक स्वस्तातली. दोन्ही संगणकावर एकाखाली एक लावल्या, एकीची तरंगरेषा उलटी केली आणि दोन्ही एकत्र वाजवल्या; असं केलं की दोन्हींत जे सारखं असतं ते एकमेकांना खोडतं. दोन तबकड्या वेगवेगळ्या वाजवल्या असत्या तर ओरखडे तर जुळले नसतेच, पण वेगातल्या बारीक चढउतारामुळे रेषाही जुळल्या नसत्या, दोन्ही आवाज ऐकू येत राहिले असते. इथे मात्र सुरुवातीच्या ट्रम्पेटसकट सगळं संगीत नाहीसं झालं. उरली फक्त पातळ हिस्स. स्वस्त सीडीवाल्याने वरचे सूर थोडे दाबले होते, तेवढाच फरक. सीडीच्या वेष्टनावर ‘मूळ तबकड्यांवरून’ असं ठळक छापलेलं होतं.

कुणी म्हणेल, नकला तर पहिल्यापासूनच होत आल्या आहेत. खरं आहे. १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘जॉली रॉजर’ नावाचं लेबल निघालं; समुद्री चाच्यांच्या झेंड्याचंच नाव. त्याने आरसीए व्हिक्टरची जुनी जॅझ ध्वनिमुद्रणं परवानगीशिवाय एलपीवर काढली, आणि त्या एलपी छापून दिल्या खुद्द आरसीए व्हिक्टरच्याच कारखान्याने. ‘द रेकॉर्ड चेंजर’ या नियतकालिकाने १९५१ मध्ये हे उघडकीस आणलं. त्या चाच्यांविषयी मला थोडी माया आहे. मोठ्या कंपन्या तिजोरीत ठेवून विसरलेलं संगीत त्यांनी लोकांपर्यंत नेलं. आजच्या नकलाकाराला हे श्रेय देता येत नाही. तो बाजारात मिळणारीच वस्तू पुन्हा विकतो आणि जिने ती बनवली त्या कंपनीचं पुढचं काम बंद पाडतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. किंग ऑलिव्हर १९३८ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहरात कंगाल अवस्थेत वारला; शेवटी तो तिथल्या एका पूल हॉलमध्ये झाडलोटीचं काम करत होता. जुनी ध्वनिमुद्रणं साफ करणाऱ्या चांगल्या कंपन्याही त्याच्या वारसांना काही देत नाहीत. मग त्यांनी तक्रार का करावी? वादकांवरचा तो अन्याय मोठा आहे आणि तो कुणीच भरून काढलेला नाही. पण चांगली कंपनी निदान प्रत्येक वादकाचं नाव, तारीख, तबकडीवरचा मॅट्रिक्स क्रमांक शोधून पुस्तिकेत छापते. नकलाकार तेही गाळतो. ऑलिव्हरचं देणं राहिलं, हे साफ करणाऱ्याचंही देणं नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

आपल्याकडेही हेच व्हायला लागलंय. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा आहे, त्यामुळे बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क आज संपला आहे. म्हणून जुनं संगीत विकत घेताना एक बघा: तबकडीवरून ट्रान्सफर कुणी केलं, ती कुणाच्या संग्रहातली, हे छापलं आहे का? छापलं नसेल तर ती सीडी घेऊ नका. दोनशे रुपये जास्त देऊन नाव असलेली घ्या.