पडद्यावरचा नेस, खतावणीतला कपोन

१५ ऑक्टोबर १९५९ रोजी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘द अनटचेबल्स’ ही मालिका सुरू झाली. कृष्णधवल चित्रण, काळ्या मोटारी, टॉमी गनची धडधड आणि या सगळ्यावरून सुसाट धावणारा निवेदकाचा आवाज. हा आवाज होता वॉल्टर विंचेल यांचा. शिकागोचा गुंड अल कपोन याच्या काळात अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत आणि पुढे रेडिओवर गाजलेला हा पत्रकार बातमी सांगावी तशी गोष्ट सांगत असे, त्यामुळे काल्पनिक प्रसंगालाही दस्तऐवजाचं वजन येई. तारीख, गाव, वेळ, गुंडाचं नाव. एवढं कानावर पडलं की पुढचं सगळं खरं वाटायचं. मालिका चार वर्षं चालली. दारूबंदी पथकाचा प्रमुख एलियट नेस याची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट स्टॅकला एमी पुरस्कार मिळाला. अल कपोनला नेसनेच संपवलं, अशी कित्येकांची पक्की समजूत झाली, आणि ती आजही टिकून आहे.

या समजुतीच्या मागे जाऊन पाहिलं की खरी हकिकत सापडते, आणि ती पडद्यावरच्या कथेपेक्षा मला कितीतरी जास्त थरारक वाटते.

सुरुवात दारूबंदीच्या कायद्यापासून करू. अमेरिकेच्या राज्यघटनेतली अठरावी दुरुस्ती १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली. तिची अंमलबजावणी ठरवणाऱ्या व्होल्स्टेड कायद्याने अर्ध्या टक्क्याहून जास्त मद्यार्क असलेलं पेय ‘मादक’ ठरवलं. म्हणजे साधी बिअरसुद्धा गुन्ह्यात जमा. नवल असं, की बंदी बनवण्यावर, विकण्यावर आणि वाहून नेण्यावर होती, पिण्यावर नव्हती. डॉक्टरने चिठ्ठी दिली तर औषधाच्या दुकानातून व्हिस्की घेता येई. तहान कायद्याने जात नाही. मागणी तशीच राहिली, फक्त पुरवठा करणारे बदलले. तोवर जुगारअड्डे चालवणाऱ्या टोळ्यांच्या हातात एका मोठ्या उद्योगाची मालकी अलगद आली: भट्ट्या, ट्रक, गोदामं, आणि पोलिसांपासून राजकारण्यांपर्यंत हप्त्यांची साखळी. शिकागोत या साम्राज्याच्या टोकाला बसला होता अल्फोन्स कपोन.

मराठी वाचकाला हे चित्र परकं वाटणार नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. त्या बंदीत मुंबईत हातभट्टी वाढली, गल्लीबोळांत अड्डे उभे राहिले. पिण्यासाठी परवाना लागतो ही अट आजही कायद्यात आहे. बारच्या पाटीवरचं ‘परमिट रूम’ त्याच अटीतून आलं आहे.

आता नेसकडे वळू. १९०३ साली शिकागोत नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या घरी जन्मलेला हा तरुण सत्ताविशीत होता, तेव्हा केंद्र सरकारचे शिकागोतले मुख्य वकील जॉर्ज जॉन्सन यांनी त्याच्यावर दारूभट्ट्या फोडण्याची जबाबदारी टाकली. त्याने मोजकी, लाच न घेणारी माणसं निवडली. फोन चोरून ऐकायचे, ट्रकांचा पाठलाग करून भट्टी शोधायची, आणि पुढच्या बाजूला पोलादी धडक बसवलेला ट्रक दारावर घालून आत शिरायचं, ही त्यांची रीत. लाच धुडकावल्याची बातमी छापून आली आणि ‘अनटचेबल्स’ हे नाव पथकाला चिकटलं. या पथकाने जमवलेल्या पुराव्यावर जून १९३१मध्ये कपोन आणि त्याच्या ६८ साथीदारांवर दारूबंदी कायदा मोडल्याच्या सुमारे ५,००० कृत्यांचं आरोपपत्र दाखल झालं.

आणि इथेच या कथेतलं सगळ्यात विलक्षण वळण येतं. कपोनवरचा तो खटला कधी उभाच राहिला नाही!

त्याला तुरुंगात घातलं ते दुसऱ्याच आरोपपत्राने, प्राप्तिकर चुकवल्याबद्दल. त्याचं मूळ १९२७च्या एका निकालात आहे. मॅनली सुलिव्हन नावाच्या दारूविक्रेत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बेकायदा धंद्याच्या कमाईवरही विवरणपत्र भरावंच लागेल. या एका वाक्याने गुंडांना पकडण्याचा अगदी नवा रस्ता उघडला. खून सिद्ध करायला साक्षीदार लागतो आणि साक्षीदार घाबरतो, फितूर होतो किंवा मरतो. कमाई सिद्ध करायला मात्र कागद पुरतो.

पण कपोनच्या नावावर कागदच नव्हता! बँकेत खातं नाही, सहीचा धनादेश नाही, मालमत्ता इतरांच्या नावावर. कर खात्याचे तपासनीस फ्रँक विल्सन यांनी महिनोन्‌महिने हे धुकं उपसलं. मग धूळ खात पडलेल्या एका फायलींच्या कपाटात त्यांना खतावण्या सापडल्या. १९२६मध्ये विल्यम मॅकस्विगिन या सरकारी वकिलाच्या खुनानंतर सिसेरो गावातल्या जुगारअड्ड्यावर धाड पडली होती, तेव्हा त्या जप्त झाल्या होत्या आणि कुणी नीट उघडूनही पाहिल्या नव्हत्या. आत नफ्याच्या वाटणीच्या नोंदी होत्या आणि त्यांत ‘अल’ हे नाव. आता प्रश्न एवढाच उरला, की हे अक्षर कोणाचं? नमुने जुळवत जुळवत विल्सन यांचा माग लेस्ली शमवे नावाच्या हिशेबनिसापर्यंत पोहोचला आणि तो मायामीत सापडला. पुढे तोच साक्षीला उभा राहिला.

यात भर पडली कपोनच्याच वकिलाच्या पत्राची. प्रकरण तडजोडीने मिटवायला त्याने कर खात्याला लिहून दिलं, की अशिलाची कमाई १९२६मध्ये २६,००० डॉलर, १९२७मध्ये ४०,००० डॉलर आणि १९२८ व १९२९मध्ये प्रत्येकी एक लाखाच्या आत होती. ज्याची कमाई कुणालाच सिद्ध करता येत नव्हती, त्याच्याच बाजूने आकडे लिहून आले. न्यायालयात ते पत्र त्याच्याविरुद्ध पुरावा ठरलं.

ऑक्टोबर १९३१मध्ये खटला उभा राहिला. ज्यूरीच्या यादीतली माणसं कपोनने फोडल्याची कुणकुण लागताच न्यायाधीश विल्करसन यांनी ती यादीच दुसऱ्या न्यायालयाच्या यादीशी अदलाबदल करून टाकली. १७ तारखेला ज्यूरीने पाच आरोपांत त्याला दोषी ठरवलं. शिक्षा ११ वर्षं, दंड ५०,००० डॉलर.

सरकारने ५,००० कृत्यांचं आरोपपत्र का बाजूला ठेवलं असावं? मला यात मानवी स्वभावाची अचूक जाण दिसते. शिकागोत बिअर कोण पीत नव्हतं? ज्यूरीतला माणूस बिअर विकणाऱ्याला दोषी ठरवताना अडखळला असता. पण स्वतः कर भरणाऱ्याला, लाखो कमावून दमडी न भरणाऱ्याचा राग नक्कीच येतो.

मग मालिकेत नेस पुढे कसा आला? १९५७ साली ऑस्कर फ्रेली या पत्रकाराबरोबर लिहिलेलं नेसचं आठवणींचं पुस्तक आलं, पण ते छापून यायच्या आधीच मे महिन्यात, ५४व्या वर्षी, नेसचा मृत्यू झाला. देशभर घरोघरी पोहोचलेली कीर्ती त्याच्या वाट्याला जिवंतपणी आलीच नाही. ‘आय लव्ह ल्यूसी’ काढणाऱ्या डेसिलू स्टुडिओचे डेसी आर्नाझ यांनी त्या पुस्तकातलं नाट्य ओळखलं. हेच आर्नाझ मायामीत शाळेत असताना कपोनच्या मुलाचे सहाध्यायी होते. खतावणी पडद्यावर दाखवणं कठीण, धाड दाखवणं सोपं. कपोन तर सुरुवातीलाच तुरुंगात गेला, म्हणून नेसला त्याने कधी न पकडलेल्या गुंडांच्या मागे धाडलं. मा बार्कर टोळीवरच्या भागात तर एफबीआयच्या कारवाईत नेसच दिसला आणि एफबीआयने हरकत घेतली. कपोनच्या कुटुंबाने दावा लावला, तो टिकला नाही. गुन्हेगार सतत इटालियनच का, असं विचारत १९६१मध्ये इटालियन-अमेरिकन संघटना उठल्या. गोदी कामगारांनी प्रायोजकाची सिगारेट हाताळायला नकार दिला, प्रायोजक बाजूला झाला आणि पथकातल्या रॉसी या इटालियन वंशाच्या पात्राला जास्त वाव मिळाला.

नेसचं श्रेय यामुळे पुसून जात नाही. भट्ट्या बंद पडल्या की पैसा आटतो, पैसा आटला की हप्ते थकतात, आणि हप्ते थकले की संरक्षण सैल होतं. त्याच्या पथकाने कपोनच्या धंद्यावर बाहेरून घाव घातले, तर विल्सन यांच्या माणसांनी आतला हिशेब उलगडला. शहराच्या यंत्रणेत पैसा इतका मुरलेला असताना, एकाच वेळी दोन्ही आघाड्यांवर लाच नाकारणारी माणसं उभी राहिली हे मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. मालिकेने त्यांतली एकच आघाडी जगाला दाखवली. ती जरूर पाहावी, विंचेलच्या आवाजाने भारून जावं, आणि मग शमवेच्या हस्ताक्षरातल्या त्या नोंदींची कथाही तितक्याच उत्सुकतेने वाचावी. संघटित गुन्हेगारीवर आजही अनेकदा पहिला हात टाकला जातो तो तिच्या पैशाच्या वाटेवर. आणि तो टाकायला शिकवलं ते विल्सनसारख्या चिकाटीने आकडे तपासणाऱ्या माणसांनी.