यार्मचं अष्टकोनी चर्च

इंग्लंडमध्ये टीज नदीच्या वळणात यार्म नावाचं छोटं गाव आहे. तिथलं मेथडिस्ट चर्च पाहणारा आधी भिंती मोजतो. आठ!

१७५७ मध्ये मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी नॉरिचचं नवंकोरं अष्टकोनी प्रार्थनाघर पाहिलं आणि तो आकार त्यांच्या मनात भरला. प्रवचनाला एवढं महत्त्व देणाऱ्या पंथाला तो सोयीचाच: श्रोते जवळ बसतात, आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो. यार्मचं चर्च १७६३ चं. पुढच्याच वर्षी वेस्ली तिथे प्रवचन देऊन गेले.

इंग्लंडमधल्याच हेप्टनस्टॉल गावच्या मेथडिस्ट चर्चची गंमत न्यारी. तिथल्या अष्टकोनाचं छप्पर म्हणे रॉदरहॅमला घडलं आणि सुटे भाग घोड्यांवर लादून डोंगरापलीकडे आणले! १८०२ मध्ये जागा पुरेना, तेव्हा एक टोक पाडून इमारत लांबवली. कोन आठच राहिले, आकार मात्र ताणला गेला.

असं अष्टकोनी चर्च आपल्याकडे कुणी पाहिलंय का? जरूर सांगा.