आईच्या पिशवीतील दप्तर

ठाणे जिल्ह्यात दिव्यांग मुलांसाठी काही सोयच नाही, असे कोणी म्हणेल तर ते अज्ञानाचे द्योतक ठरेल. ठाण्यास महानगरपालिकेची ‘जिद्द’ ही विशेष शाळा आहे. डोंबिवलीस बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘अस्तित्व’ आणि ‘क्षितिज’, तर कर्णबधिरांसाठी ‘संवाद’ अशा शाळा आहेत. मानसिक आरोग्याचे काम करणारी, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली ‘आयपीएच’ ही संस्थाही ठाण्यातलीच. आणि लोकलच्या प्रवासाच्या टप्प्यात बांद्र्याची अली यावर जंग संस्था व हाजी अलीचे पुनर्वसन रुग्णालय, अनुक्रमे १९८३ आणि १९५५ सालापासून, देशभरच्या रुग्णांची सेवा करीत आहेत. कायद्याचे म्हणाल, तर १९९५ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे सात प्रकार मान्य केले होते ते २०१६ च्या अधिनियमाने एकवीस केले, आणि महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच स्थापन केला. इतके सारे असूनही, अशा मुलाच्या आईला सर्वांत जास्त कशाने दमवले असे विचारले, तर ती मुलाच्या व्याधीचे नाव घेत नाही. ‘‘इकडून तिकडे पाठवतात हो,’’ एवढेच ती सांगते, आणि त्या चार शब्दांत या लेखाचा सगळा विषय आला.

डोंबिवली पूर्वेच्या एखाद्या चाळवजा इमारतीतील मूल डोळ्यांपुढे आणावे. अडीच वर्षांचे झाले तरी ते बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही, आणि ‘याचा बाबाही उशिराच बोलायला लागला’ या आजीच्या आश्वासनावर घरच्यांनी सहा-आठ महिने काढलेले असतात. बालरोगतज्ज्ञ आधी कान तपासायला सांगतात. म्हणजे ‘बेरा’ नावाची चाचणी, जी मूल झोपलेले असताना करावी लागते आणि जिच्यासाठी नेमके त्याच दिवशी ते मूल झोपत नाही. कान ठीक निघाले, तर पुढे विकासाची चाचणी, मग मानसशास्त्रज्ञ, मग वाचा-उपचार, मग ‘ओटी’ म्हणजे हातापायांच्या व ज्ञानेंद्रियांच्या वापराचे प्रशिक्षण. कान ठीक नसतील, तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लान्टचा निराळाच मार्ग सुरू होतो, आणि त्या मार्गावर काळ अतिशय निष्ठुर असतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यात निदान आणि सहाव्यात उपचार हे जगभर मानलेले वेळापत्रक. शासकीय योजनेतून इम्प्लान्ट मिळण्याचे वय साधारण पाच वर्षांपर्यंतच. आणि इकडे आपले अडीच वर्षांचे मूल पहिल्या चाचणीपाशीच उभे. हे सर्व चालू असता कोणीतरी आठवण करून देते की अपंगत्वाचा दाखला काढा, नाहीतर काहीच मिळणार नाही.

तो दाखला ही स्वतंत्र यात्रा आहे. युडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज संगणकावर भरता येतो हे खरे, पण मूल शेवटी वैद्यकीय मंडळापुढे हजर करावेच लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला ठाणेकर केवळ ‘सिव्हिल’ म्हणत आले, ते विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय जुन्या इमारतीच्या जागी नवी उभारण्याचे काम निघाल्यावर मनोरुग्णालयाच्या आवारात हलले, तेव्हा तर पत्ता विचारण्यापासूनच सुरुवात झाली. बौद्धिक अक्षमतेचा दाखला एकदा काढला की झाले असेही नाही. मूल पाच वर्षांचे झाले की तो पुन्हा काढायचा, दहाव्या वर्षी पुन्हा आणि अठराव्या वर्षी आणखी एकदा. त्यावरचा आकडा चाळीस टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे, यावर पुढचे सर्व अवलंबून. चाळीसच्या आत राहिलेल्या मुलाची अडचण चाळीस टक्क्यांची नसली तरी त्याच्या आईची दगदग मात्र शंभर टक्क्यांचीच असते.

या आईच्या खांद्यावरची पिशवी एकदा उघडून पाहण्यासारखी आहे. तीत प्लॅस्टिकच्या कप्प्यांची एक जाडजूड फाईल असते. वरच्या कप्प्यात जन्माचा दाखला, आधार आणि शिधापत्रिका यांच्या झेरॉक्स प्रती, त्याही चार-चार, कारण प्रत्येक खिडकीस आपली प्रत हवी असते. त्याखाली प्रसूतीच्या वेळचा डिस्चार्ज कागद, ज्यावर ‘बाळ उशिरा रडले’ असे कोणा निवासी डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात लिहिलेले असते आणि प्रत्येक नवा तज्ज्ञ प्रथम तोच शोधतो. मग बेराचा आलेख, आयक्यूचा अहवाल, मेंदूच्या तपासणीच्या काळ्या फिल्मचे वाकलेले पाकीट, थेरपीच्या पावत्या, शाळेचे पत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आणि तळाशी पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, ज्यांतील मूल दरवर्षी थोडे मोठे होत गेलेले असते. मुलाचा संपूर्ण इतिहास असलेले हे एकमेव दप्तर आहे. जिल्ह्यातील कोणत्याही कचेरीत याची दुसरी प्रत नाही. रुग्णालयापाशी केवळ आजार आहे, शाळेपाशी केवळ हजेरी आहे, तहसील कचेरीपाशी केवळ उत्पन्न आहे. तीन पानांत बसेल अशी ती कहाणी आई प्रत्येक टेबलापुढे पहिल्यापासून तोंडी सांगते, आणि टेबलापलीकडचा कारकून, जो स्वभावाने वाईट असतोच असे नाही, तो फाईल चाळून म्हणतो, ‘‘ताई, हे काम इथले नव्हे.’’

त्या कारकुनाचेही बरोबर असते, आणि हाच या व्यवस्थेचा मर्मभाग आहे. सहा वर्षांखालील मूल अंगणवाडीत जाते. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. मुलाची तपासणी करणारे पथक आरोग्य खात्याचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तेव्हापासून अशी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासतात आणि ज्यांच्यात काही उणे आढळेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडतात. नेहमीची शाळा शिक्षण खात्याची, विशेष शाळा पूर्वी समाजकल्याणाची व आता दिव्यांग कल्याणाची, मासिक अर्थसाहाय्याचा अर्ज महसूल खात्याचा, आणि रेल्वेची सवलत तर केंद्र सरकारची. शिवाय कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका १९८३ ची, ठाण्याची त्याआधी एका वर्षाची, आणि दोहोंच्या मधल्या व पलीकडच्या गावांवर जिल्हा परिषदेचा अंमल. म्हणजे घराचा पत्ता दोन किलोमीटर इकडेतिकडे झाला तरी अर्जाची खिडकी बदलते. प्रत्येक खाते आपल्या वाट्याचे काम करते; परंतु एका खात्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारापर्यंत मुलाला पोचवणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. अंगणवाडीतून धाडलेले मूल केंद्रात पोचले की नाही, पोचले तर तेथून शाळेत दाखल झाले की नाही, याची रुजुवात घेणारा शेवटी घरचाच माणूस असतो.

अंतराचे काय, असे कोणी विचारील. डोंबिवलीहून हाजी अलीस जायचे तर सकाळची जलद लोकल, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, महालक्ष्मीस उतरून पुन्हा टॅक्सी किंवा बस; आणि हा सर्व खटाटोप पाऊण तासाच्या सत्रासाठी. दिव्यांगांसाठी राखलेला डबा आहे, त्यात कर्करुग्णांना आणि गरोदर स्त्रियांनाही मुभा आहे. पण ज्या मुलाचे अपंगत्व चेहऱ्यावर दिसत नाही, त्या स्वमग्न मुलाच्या आईला डब्यात शिरताच इतर प्रवाशांपुढे दाखला काढून दाखवावा लागतो, हा अनुभव या मार्गावरील पालकांच्या तोंडून वारंवार ऐकू येतो. आठवड्यातून दोन सत्रे करणारी आई नोकरी टिकवू शकत नाही. यामुळे घरात येणारा एक पगार कमी होतो नि जाणारा पैसा वाढतो, आणि हा हिशेब कोणत्याही योजनेच्या रकान्यात बसत नाही.

या प्रश्नाचा विचार अन्यत्र झालेला नाही असे नाही. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक विदुषीच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७८ साली विशेष शिक्षणावर जो अहवाल दिला, त्यात पालकांच्या हाती एका ठरावीक व्यक्तीचे नाव असावे, जिच्याकडे केव्हाही जाऊन पुढे काय करायचे हे विचारता येईल, अशी एक साधी सूचना होती. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या अशा मुलासाठी लेखी आराखडा करायचा, तो मुलाचा नव्हे तर कुटुंबाचा करायचा, आणि त्यात, कोणती सेवा कधी मिळणार याच्या जोडीला, त्या सेवा जुळवून देण्यास जबाबदार असणाऱ्या माणसाचे नाव लिहायचे. योजना फसली तर कोणाला विचारायचे हे ज्या कागदावर छापलेले असते, त्या कागदाची मातब्बरी आपल्याकडील अनुभवी पालकाला समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे हे काम आजवर केले ते पालकांनीच, आणि केवळ निरुपायाने. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी जी शाळा काढली तिचीच पुढे जय वकील संस्था झाली. ठाण्यात ‘जागृती पालक संस्था’ बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या आईबापांनी उभी केली. अशा संस्थांत संध्याकाळी जे चालते त्याला व्याख्यान म्हणता येणार नाही. एक आई दुसरीला सांगते की अमुक कागद आधी काढा, तमुक वारी जा, त्या मॅडम ऐकून घेतात, निरामय विम्याचा अर्ज मुदतीत भरा, एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. दहावीला लेखनिक व जादा वेळ हवा असेल तर शाळेचे पत्र ऑगस्टच्या आत घ्या, शेवटच्या महिन्यात सगळेच धावतात. ही माहिती पत्रकांतही छापलेली असते. मात्र पत्रकात योजना असतात आणि या बायकांपाशी क्रम असतो. शासन या पालक-संस्थांची स्तुती समारंभांतून करीत असते. त्या स्तुतीत आपले काम कोणीतरी परस्पर उरकून टाकल्याचे समाधान बरेच असावे, असा मला संशय आहे.

माझे म्हणणे इतकेच की या कामासाठी नवी इमारत नको, नवी योजना नको आणि नवे संकेतस्थळ तर मुळीच नको. शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या मंजूर रचनेत बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारक, श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांच्या जोडीला समाजसेवक आणि व्यवस्थापक ही पदे आहेतच. मुलाचे नाव नोंदले जाताच त्याच्या घराचे नाव एका समाजसेवकाच्या वहीत चढावे. त्याने वर्षातून काही वेळा घरी जावे. रुग्णालयाचा अहवाल शाळेस आणि शाळेचा शेरा रुग्णालयास पोचता करावा. आईला एकाच दिवशी दोन कामे उरकता येतील अशा तारखा मागून घ्याव्यात. आणि दाखल्याची मुदत संपण्याआधी तीन महिने घरी कळवावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे आहेत. त्या रकमेतून सायकली, यंत्रे आणि अनुदाने वाटण्याकडे ओढा असतो, कारण वाटप दिसते, त्याचे छायाचित्र निघते. डोंबिवलीच्या एका वस्तीत दारोदार फिरणाऱ्या माणसाच्या पगाराचे छायाचित्र निघत नाही. तरीही नगरसेवकांनी हा खर्च एकदा करून पाहावा. वाटलेल्या यंत्रांपैकी किती माळ्यावर पडून आहेत, हेदेखील त्याच माणसाकडून कळेल.

अर्थात असा माणूस नेमला तर त्याच्या हाती शंभर-दोनशे घरे द्यायची आणि वर निवडणुकीची, जनगणनेची कामे लादायची, ही आपली जुनी रीत आहे. अंगणवाडीच्या ताईंचे काय झाले ते आपण पाहतो. घरांची संख्या थोडी असेल, माणूस वर्षावर्षाला बदलणार नसेल आणि त्याच्या शब्दाला दुसऱ्या खात्यात किंमत असेल, तरच यात अर्थ आहे. तिसरी अट सर्वांत अवघड. ती पुरी करायची तर जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी हुकूम काढून सर्व खात्यांना बांधून घ्यावे लागेल, आणि तसा अधिकार त्यांच्यापाशी असावा हे राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याने एका मर्यादेत मानलेही आहे. त्या कायद्यान्वये स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यात जी स्थानिक समिती असते, तिच्या अग्रभागी जिल्हाधिकारी, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती बसतात.

या समितीशी पालकांची गाठ बहुधा फार उशिरा पडते. मूल अठरा वर्षांचे होते त्या दिवशी कायद्याच्या नजरेत आईबाप त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत खाते चालवायचे, घरात वाटा लावायचा, शस्त्रक्रियेला संमती द्यायची, तर रीतसर पालकत्व मागावे लागते. इतकी वर्षे ज्या आईने सर्व खात्यांचे काम एकटीने सांधले, तिला तेव्हा प्रथम विचारले जाते की आपल्यानंतर कोण. भाऊ परदेशी असतो, बहीण सासरी असते, काका वयाने आईहून मोठे असतात. डोंबिवलीजवळ खोणी येथे ‘अमेय पालक संघटने’ने ‘घरकुल’ हे निवासी घर उभारले ते याच प्रश्नातून. प्रौढ झालेली बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुले तेथे एकत्र राहतात, आणि ते घर चालवण्याचा भार पुन्हा पालकांनीच उचललेला आहे. अशा घरात जागा मिळो वा न मिळो, ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत पालकत्वाचा अर्ज द्यावाच लागतो. त्या अर्जास जोडावयाच्या कागदांत अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि नेमका अठराव्या वर्षीच तो नव्याने काढावयाचा असल्यामुळे आधी पुन्हा सिव्हिलला जावे लागते.