कानाचं मशीन, ४० टक्क्यांची अट आणि संशोधनाचा प्रश्न

पीएच.डी. प्रवेशाची तयारी करताना बरेच जण सिनॉप्सिसचा विषय असा लिहितात : ‘जळगाव व धुळे जिल्ह्यातील दिव्यांग कल्याण योजनांचा चिकित्सक अभ्यास’. विषय चुकीचा नाही, पण फार पसरट आहे. मुलाखतीत “नेमकं काय शोधणार?” असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज यातली एकच वस्तू घेऊ : श्रवणयंत्र, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘कानाचं मशीन’. त्याच्या खर्चाला मदत कोणाला मिळते आणि कोण बाहेर राहतं, एवढंच पाहू. प्रश्न कसा बारीक करायचा हे त्यातून आपोआप कळेल.

आधी योजना समजून घ्या

१) एडिप योजना : केंद्र सरकारची, १९८१ पासून सुरू. यात दिव्यांगांना साहित्य मिळतं. मुख्य अट म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. उत्पन्नाचीही मर्यादा आहे. सुधारित नियमांनुसार महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत पूर्ण मदत आणि ३०,००० पर्यंत निम्मी. एकदा मदत घेतली की त्याच साहित्यासाठी तीन वर्षं थांबावं लागतं. साहित्य बहुतेक वेळा कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीकडून येतं आणि शिबिरात वाटलं जातं.

२) मुख्यमंत्री वयोश्री योजना : राज्य सरकारची, २०२४ ची. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर ३,००० रुपये एकदाच बँक खात्यात जमा होतात. त्यातून घ्यायच्या साहित्यात श्रवणयंत्र आहे.

३) स्थानिक निधी : जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो.

४) लहान मुलं : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, त्यात ऐकण्याची अडचणही येते. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी एडिपमध्येच वेगळी सोय आहे. तिचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था पाहते.

आता या यादीकडे संशोधकाच्या नजरेने बघा. एडिप महिन्याचं उत्पन्न विचारते, वयोश्री कुटुंबाचं वर्षाचं. एका ठिकाणी टक्केवारी हे दार आहे, दुसऱ्या ठिकाणी वय. म्हणजे एकच माणूस एका योजनेत ‘पात्र’ आणि दुसरीत ‘अपात्र’ ठरू शकतो. तुमच्या प्रश्नावलीत नुसतं ‘उत्पन्न किती?’ असं लिहिलं असेल, तर पात्रता तपासताच येणार नाही. कोणाचं उत्पन्न आणि किती काळाचं, हे दोन्ही विचारा.

खरी गोम व्याख्येत आहे

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार ‘ऐकू कमी येणे’ म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांना ६० ते ७० डेसिबल हानी. ७० च्या पुढे ‘बहिरेपणा’. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलपेक्षा जास्त हानी असेल तर पुनर्वसनाची गरज आहे असं धरते. मग दोन्ही कानांत ५० डेसिबल हानी असलेल्या माणसाचं काय? समोरासमोरचं साधं बोलणं त्याला नीट कळत नाही, यंत्राचा फायदाही होईल. पण कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही.

टक्केवारी काढतानाही चांगल्या कानाला पाचपट वजन असतं. चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले पाच, अधिक खराब कानाची टक्केवारी, आणि भागिले सहा. एक कान शंभर टक्के गेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर उत्तर येतं साधारण १७ टक्के.

हे खान्देशात का महत्त्वाचं? जळगावच्या डाळ मिल, जिनिंग, धुळ्याचे यंत्रमाग. सततच्या आवाजाने होणारी हानी आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. वेगवेगळ्या वारंवारतांची सरासरी काढली की ही हानी त्यात विरघळते. असा कामगार ४० टक्क्यांच्या रेषेखाली राहण्याची शक्यता बरीच असते. त्याच्यासाठी कायद्याचा दुसरा रस्ता आहे. आवाजामुळे आलेला बहिरेपणा कामगार कायद्यांत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. हा रस्ता कामगारांना माहीत आहे का? बघा, हा एक स्वच्छ संशोधन प्रश्न झाला.

व्याख्या बदलली की आकडा कसा बदलतो, याचं मोठं उदाहरण जनगणनेत आहे. ऐकण्याचं अपंगत्व असलेले लोक २००१ मध्ये सुमारे १२.६ लाख होते, २०११ मध्ये ५०.७ लाख. दहा वर्षांत देशाचे कान चौपट बिघडले नाहीत. प्रश्नाची मांडणी आणि सूचना बदलल्या होत्या. असे दोन आकडे शेजारी ठेवून ‘वाढ झाली’ असं लिहू नका.

नमुना कुठून घ्यायचा?

सोपा मार्ग म्हणजे माहिती अधिकारात लाभार्थी यादी मागायची आणि त्यातले शंभर जण निवडायचे. पण यादीत फक्त ज्यांना मिळालं तेच असतात, नाकारलेले नसतात. त्यावरून ‘योजना यशस्वी’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पास झालेल्यांनाच विचारून निकाल लावणं. त्यापेक्षा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागातली ऑडिओमेट्रीची नोंदवही जास्त उपयोगी. अर्थात नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यायची. तरीही चोपडा-यावलच्या किंवा शिरपूर-साक्रीच्या पाड्यांवरून जे तपासणीला आलेच नाहीत ते सुटतात. कारण जिल्ह्याला जायचं म्हणजे भाडं आणि एक दिवसाची मजुरी. म्हणून गावपातळीवर थोडा नमुना घ्याच.

‘यंत्र मिळालं का?’ यावरही थांबू नका. ‘आज कानात आहे का?’ हे विचारा. झिंक-एअर बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. कानाचा साचा आणि दुरुस्ती हे खर्च वेगळेच. मदत एकदा मिळते, खर्च चालू राहतो. वाटप आणि वापर यांतलं हे अंतर मोजलंत, तर तुमचा प्रबंध कोणीतरी वाचेल.

मुलाखत घेताना

“तुमले ऐकू येस का?” असं विचारलं तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. त्याऐवजी अडचण किती होते ते विचारा आणि चार पर्याय द्या : अजिबात नाही, थोडी, बरीच, ऐकूच येत नाही. उजेडात, समोर बसून, सावकाश बोला. ओरडू नका. उत्तर स्वतः माणसाने दिलं की सुनेने, तेही नोंदवा.

आणि एक. लोक तुम्हाला विचारणारच, “साहेब, मशीन मिळेल का?” आश्वासन देऊ नका, पण हात हलवत परतही येऊ नका. एका पानावर लिहून न्या : ऑडिओमेट्री कुठे होते, यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग. ज्यांच्या वेळेवर आपला प्रबंध उभा राहतो, त्यांना एवढं तरी देणं लागतो.